टाळ्या पडल्या, पण पुढं काय? : कला आणि आरोग्याबद्दल वाचकांचे प्रश्न

या वेळी सहा पत्रांना उत्तरं देत आहोत. पथनाट्य, कीर्तन, चित्रं, फोटो यांचा उपयोग करून ज्यांच्यापर्यंत दवाखाना नीट पोचत नाही त्यांच्यासाठी काय करता येईल, हा सगळ्यांचा विषय. पत्रलेखकांची नावं-गावं गाळली आहेत.

बहुतेक पत्रांत एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : लोकांना माहिती नाही म्हणून ते आजारी पडतात, आणि कलेनं ती माहिती गोड करून भरवायची. आम्हाला हे पटत नाही. ज्याचं कुणी ऐकून घेत नाही त्याला बोलतं करणं आणि ते बोलणं निर्णय घेणाऱ्याच्या कानावर घालणं, हे काम कला फार चांगलं करते. खालची उत्तरं त्याच अंगानं दिली आहेत.

बीड जिल्ह्यातून एक आशा गटप्रवर्तक लिहितात : आमच्याकडे ऊसतोड बायकांत पिशवी काढायचं प्रमाण फार आहे. त्यावर आम्ही पथनाट्य बसवलं. शेवटी डॉक्टरीणबाई येऊन समजावते, बाईला पटतं, मग गाणं होतं. तीन गावांत केलं. टाळ्या पडल्या. पण त्यानंतरही त्याच गावांतल्या दोघींनी पिशवी काढलीच. आमचं कुठं चुकलं?

ताई, तुमच्या नाटकात सगळी चूक बाईच्या माथी येते. तिला कळत नव्हतं, डॉक्टरीणबाईनं सांगितलं, मग कळलं. प्रत्यक्षात तिला पुष्कळ कळत असतं. कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते. खाडा झाला की दंड कापतात. फडात संडास नाही, आडोसा नाही, पाणी लांब. पाळीच्या दिवसांतही मोळ्या डोक्यावर घेऊन गाडी भरायची. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं, दवाखान्यात कुणीतरी ‘पिशवी खराब झालीय, पुढं कॅन्सर होईल’ म्हणून घाबरवतं. आणि पाळीच गेली तर खाडेही जातील, असा हिशोब घरात मांडला जातो. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढं बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी आली. त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. इतक्या बायका एकाच निर्णयापाशी येऊन थांबतात, तेव्हा कारण कामाच्या करारात शोधावं लागतं.

म्हणून नाटकाचा साचाच बदला. ब्राझीलचे नाट्यकर्मी आगुस्तो बोआल यांनी १९७०च्या दशकात एक प्रकार घडवला. त्यात नाटक सुटत नाही, अडतं. आणि ते सोडवायला प्रेक्षक उठून येतात. पश्चिम बंगालमध्ये ‘जन संस्कृति’ ही संस्था १९८५ पासून खेड्यापाड्यांत हेच करते आहे. तुमच्या विषयाला हा साचा चपखल बसेल.

आधी गोष्ट गोळा करा. आठ-दहा जणींच्या दोन बैठका पुरे, पुरुष नकोत. एकीची हकिगत जशीच्या तशी कधीच घेऊ नका, गावात ती दुसऱ्या वाक्याला ओळखली जाते. चार-पाच जणींचे अनुभव मिसळून एक बाई उभी करा. नाटक दहा-बारा मिनिटांचं, पात्रं पाच : बाई, नवरा, मुकादम, डॉक्टर आणि शेजारीण. प्रसंग चार : उचल घेणं, फडातला खाडा, दवाखाना, घरातली रात्र. शेवटी बाई ऑपरेशनच्या कागदावर अंगठा उठवते. तिथंच थांबा. गाणं नको, उपदेश नको.

मग सूत्रधार पुढं येऊन विचारतो, “हे असंच व्हायला हवं होतं का? कुठं वेगळं करता आलं असतं?” नाटक पुन्हा पहिल्यापासून, जरा भरभर सुरू होतं. बघणाऱ्यांपैकी कुणीही “थांबा” म्हणायचं, बाईची किंवा शेजारणीची जागा घ्यायची आणि वेगळं वागून बघायचं. मुकादमाची जागा मात्र कुणाला देऊ नका. मुकादम एकाएकी भला झाला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो, आणि उद्या खराखुरा मुकादम तसाच असतो. उठून आलेल्या बाईला बाकीचे नट खरा विरोध करतात. लगेच नमत नाहीत, पण तिला पार गप्पही करत नाहीत. हे तोलून करणं सगळ्यात अवघड. दहा तालमी करणार असाल तर सहा एवढ्यासाठी ठेवा. गटातल्याच बाया आळीपाळीनं उठून येतील आणि नट सावरायला शिकतील.

पहिली बाई उठायला वेळ लागतो. सूत्रधारानं मनात सावकाश तीसपर्यंत आकडे मोजावेत. शांततेला घाबरून तोच बोलायला लागला की बायका पुन्हा श्रोत्या होतात. कुणीच उठलं नाही तर “बसल्या जागेवरून सांगा, ही करून दाखवील” म्हणा. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला सांगणारीच उठते. साठ-सत्तरांपेक्षा जास्त माणसं जमवू नका, मागच्यांना ऐकू येत नाही आणि मग कुणी पुढं येत नाही. पहिला खेळ नुसत्या बायकांचा, दुसरा सगळ्यांचा. मिश्र खेळात पहिली संधी हमखास एखादा पुरुष घेतो आणि भाषण ठोकतो. म्हणून सुरुवातीलाच नियम सांगा : सांगायचं नाही, करून दाखवायचं.

कधी करायचं, हेही महत्त्वाचं. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमाराला निघतात आणि उचल त्याच्या बरीच आधी ठरते. दिवाळीच्या तोंडावर केलेला खेळ उशिराचा. पावसाळ्यात करा.

एक जण कोपऱ्यात बसून प्रत्येक सूचना लिहून घेईल. रात्रीच त्या तीन ढिगांत वाटा : बाई एकटी काय करू शकते, टोळी मिळून काय करू शकते, कारखान्यानं आणि सरकारनं काय करायला हवं. ‘पाळीच्या दिवसाचा खाडा धरू नये’, ‘तळावर संडास आणि पाणी हवं’ या तिसऱ्या ढिगातल्या सूचना ग्रामसभेत ठराव म्हणून मांडा. खेळ तिथंवर गेला नाही, तर पुढच्या वर्षी त्याच बायका येणार नाहीत, आणि त्यांचं बरोबरच असेल.

खेळाला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी हव्यात, पण नाटकात नकोत. खेळ संपल्यावर प्रश्नांना उत्तरं द्यायला हव्यात. पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधानं बरं होतं. कॅन्सरची शंका असेल तर आधी तपासणी करतात, थेट शस्त्रक्रिया करत नाहीत. गर्भाशयाबरोबर बीजांडकोशही काढले तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात आणि हाडं ठिसूळ होतात. बीड जिल्ह्यात खासगी दवाखान्यांना गर्भाशय काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी २०१९ मध्ये सक्तीची झाली. “परवानगीचा कागद कुठाय?” हा प्रश्न विचारायचा सराव नाटकात झाला, तर बाईला तो दवाखान्यातही विचारता येतो.

सोलापूर जिल्ह्यातले एक कीर्तनकार विचारतात : सप्ताहात क्षयरोगावर बोला, असं आरोग्य केंद्रातून सांगतात. कागद देतात, तो मी वाचून दाखवतो. लोक चुळबुळ करतात. हे कीर्तनात बसवावं कसं?

महाराज, कागद बाजूला ठेवा. कीर्तनात वाचन चालत नाही, आणि ते सक्तीचं आहे हे श्रोत्यांना लगेच उमगतं. गाडगेबाबांची रीत आठवा. दिवसा हातात खराटा, रात्री कीर्तन. आणि कीर्तनात सांगण्यापेक्षा विचारणं जास्त. बाबा प्रश्न टाकायचे, उत्तर मंडपातून यायचं, मग ‘देवकीनंदन गोपाला’चा गजर. म्हणजे श्रोता स्वतःच्या तोंडानं बोललेला असायचा.

एका कीर्तनात एकच मुद्दा घ्या, चार-पाच मिनिटांचा. “दोन आठवडे खोकला गेला नाही तर काय करायचं?” “बेडका तपासायचा.” “पैसे किती?” “फुकट.” “औषध किती दिवस?” “सहा महिने.” “महिन्याभरात बरं वाटलं तर सोडायचं का?” “नाही!” एवढं तीनदा आलं की पाठ होतं. औषध मध्येच सोडलं तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, हे एका वाक्यात सांगा. दुसऱ्या दिवशी दुसरा मुद्दा : ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही, हा आजार खोकल्यातून हवेवाटे पसरतो. तिसऱ्या दिवशी : उपचार सुरू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला मिळणारे पैसे नोव्हेंबर २०२४ पासून ५०० रुपयांवरून १,००० रुपये झाले आहेत, आणि ते थेट बँक खात्यात येतात. इथं थोडं थांबा. “घरातल्या किती बायकांचं स्वतःच्या नावाचं खातं आहे?” असं विचारा. ज्या बाईचं खातं नाही तिचे पैसे अडतात किंवा दुसऱ्याच्या हाती जातात.

आता सगळ्यात नाजूक बाब. आख्यानात रोग बहुधा कर्माचं फळ म्हणून येतो : अमक्यानं पाप केलं, त्याला व्याधी जडली, देवाला शरण गेला, बरा झाला. क्षयाचा किंवा कुष्ठाचा विषय घ्याल त्या दिवशी असं आख्यान लावू नका. पूर्वरंगात तुम्ही कितीही नीट सांगितलं तरी घरी जाताना माणूस गोष्ट बरोबर नेतो, आणि मंडपात बसलेला रोगी दुसऱ्या दिवशीपासून तोंड लपवतो. त्यापेक्षा संतांनी रोग्याची सेवा केल्याचा प्रसंग घ्या. सावित्रीबाई फुले १८९७च्या प्लेगमध्ये पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता त्याच रोगानं १० मार्चला गेल्या. कीर्तनात हा प्रसंग कुणाच्याही डोळ्यांत पाणी आणतो.

“कुणाला खोकला आहे, हात वर करा” असं कधीही म्हणू नका. मंडपाच्या दारात बेडक्याच्या डब्या घेऊन कुणाला बसवूही नका. घेणारा सगळ्या गावाला दिसतो, म्हणून कुणी घेत नाही. “परवापासून आशाताई प्रत्येक घरी येतील, एकही घर चुकवणार नाहीत” असं जाहीर करा. सगळ्यांच्याच घरी गेल्या की कुणावर बोट येत नाही.

नंदुरबार जिल्ह्यातल्या आश्रमशाळेतल्या शिक्षिका : सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल भिंतीवर वारली चित्रं काढायचं ठरलंय. मुलांना आनुवंशिकतेचा भाग काही केल्या समजत नाही. चित्रानं समजेल का?

पहिलं म्हणजे, वारली चित्रं पालघर-ठाण्याकडची. तांदळाच्या पिठानं गेरू सारवलेल्या भिंतीवर लग्नाचा चौक लिहिणाऱ्या बायकांची ती परंपरा. तुमची मुलं भिल्ल, पावरा समाजाची असतील. आदिवासी म्हटलं की सगळीकडे वारलीच काढायची, हा शहरातून आलेला आळस आहे. आपल्या भिंतीवर दुसऱ्याचं घर बघून मुलांना काय वाटेल, याचा विचार करा. पाड्यावर भिंती रंगवणारी, घोंगडीवर वा मण्यांत नक्षी करणारी माणसं शोधा, त्यांना बोलवा, आणि चित्राखालची ओळ मुलांच्या घरच्या बोलीत लिहा. अक्षर देवनागरीच राहू द्या.

आनुवंशिकता मात्र चित्रापेक्षा खेळानं चांगली कळते. चिंचोक्याच्या डाळी टाकून बघायचा मोह होईल. आपल्याकडे तो खेळ सगळ्यांना ठाऊक असतो. पण डाळ निम्म्या वेळी उताणी आणि निम्म्या वेळी पालथी पडेलच असं नाही, म्हणून गणित चुकतं. दोन छोट्या कापडी पिशव्या शिवा, एक आईची, एक बापाची. दोघेही वाहक आहेत असं धरून प्रत्येक पिशवीत एक लाल राजमा आणि एक पांढरा पावटा टाका, आकार शक्यतो सारखा बघा. लाल म्हणजे नेहमीचा गुण, पांढरा म्हणजे सिकलचा. लाल-पांढऱ्यासाठी गुंजा घेऊ नका. त्या सुंदर दिसतात, पण विषारी असतात, आणि लहान मुलं बी तोंडात घालतातच.

मुलानं डोळे मिटून दोन्ही पिशव्यांतून एकेक बी काढायचं. दोन लाल : निरोगी. एक लाल, एक पांढरं : वाहक, स्वतःला सहसा त्रास नाही. दोन पांढरी : सिकलसेलचा रुग्ण. फळ्यावर रेघ मारा आणि *बिया परत पिशवीत टाका.* पुष्कळ जण इथंच चुकतात. बी परत टाकलं नाही की मुलांचा समज होतो, ‘तीन पोरं बरी निघाली म्हणजे चौथं आजारीच’. प्रत्येक गरोदरपणात दर वेळी नव्यानं चारांत एक शक्यता रुग्ण असण्याची, चारांत दोन वाहक असण्याची, चारांत एक निरोगी असण्याची. तीस मुलांनी चार-चार वेळा काढलं की १२० रेघा होतात आणि प्रमाण डोळ्यांना दिसतं. मग एका पिशवीत दोन्ही लाल बिया टाकून पुन्हा खेळा. एकही रुग्ण निघत नाही, हे मुलांना स्वतःच सापडू द्या.

मुलांची खरी तपासणी कार्डं या खेळात आणू नका. कार्डाचा रंग वर्गात कळला की तो पाड्यावर कळतो, आणि पुढं मुलीचं लग्न मोडतं. मुलाचं क्वचितच मोडतं. ‘वाहकानं वाहकाशी लग्न करू नये’ हे एकच वाक्य भिंतीवर लिहून मोकळं होऊ नये, ते याचसाठी. त्याच्या शेजारी रुग्णाच्या उपयोगाचं लिहा : पाणी भरपूर प्यायचं, थंडीत अंग झाकायचं, ताप आला किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या डॉक्टर सांगतील तशा चुकू द्यायच्या नाहीत. आणि हेही लिहा की वर्गात पाण्याची बाटली ठेवायला परवानगी आहे. ही परवानगी तुम्ही आजच देऊ शकता.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी : आम्हाला संवादकौशल्याच्या तासाला कथा-कविता वाचायला देतात. परीक्षेचं ओझं इतकं असताना याचा रुग्णाला काय फायदा?

२०१९च्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा भाग सक्तीचा झाला, तो रुग्णाचं नीट ऐकता यावं म्हणून. कविता आवडलीच पाहिजे, अशी अट नाही. तास निरुपयोगी वाटत असेल तर ओपीडीत हे करून पाहा.

रुग्ण बसला की पहिली दोन मिनिटं मध्ये बोलायचं नाही, आणि तो वापरेल ते शब्द केसपेपरवर त्याच्याच भाषेत उतरवायचे. ‘अंगावरून जातं’, ‘कळ मारते’, ‘जीव घाबरा होतो’, ‘हातापायांची लाही होते’, ‘पोटात गोळा उठतो’. मग त्यातला एक शब्द उचलून तीनच प्रश्न विचारायचे : हे कधी होतं? तेव्हा तुम्ही काय करत असता? घरात कुणाला सांगितलंय? ‘अंगावरून जातं’ म्हणजे पांढरं जाणं की जास्त रक्तस्राव, हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि चुकीचं धरलं तर पुढचं औषधही चुकतं. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात तर पुष्कळदा निदानाची अर्धी वाट असते.

हेमा रायरकर आणि गी पोटवँ यांनी सुरू केलेल्या कामातून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या अनेक आता ऐकायलाही मिळतात. पहाटे दळताना बाई कष्ट, उपास, माहेर, मूल याबद्दल काय बोलते ते एक तास ऐका. तुमच्यासमोर ओपीडीत गप्प बसणारी बाई मुळात अबोल नसते, एवढं त्यातून नक्की कळेल.

मुंबईतल्या एका वस्तीतल्या मुलींच्या गटाकडून : आम्हाला फोनवर फोटो काढून संडास-पाण्याचे प्रश्न मांडायचे आहेत. आधीच्या वेळी फोटो काढले, व्हॉट्सॲपवर फिरले, आणि उलट आम्हालाच घरून बोलणी बसली.

फोटोतून बोलण्याची ही रीत कॅरोलाइन वँग आणि मेरी ॲन बरिस यांनी १९९०च्या दशकात चीनच्या युन्नान प्रांतातल्या शेतकरी बायकांबरोबर घडवली. तिचा जीव फोटोत कमी आणि फोटोभोवतीच्या चर्चेत जास्त आहे. चर्चेआधीच फोटो फिरले, म्हणून तुम्हाला बोलणी बसली.

आठ-दहा जणी घ्या, दोघींत एक फोन चालेल. पहिल्या बैठकीत फोटो काढूच नका, काय काढायचं नाही ते ठरवा : संडासात असलेलं माणूस, कुणाचंही लहान मूल, ओळखू येईल असा चेहरा. चेहरा हवाच असेल तर परवानगी तीनदा घ्यायची : काढायची, दाखवायची आणि फोनवरून पुढं पाठवायची. तिन्ही वेगवेगळ्या. फोटोत ठिकाणाची नोंद होऊ नये म्हणून कॅमेऱ्याच्या सेटिंगमधली लोकेशन बंद करा. हात, चपला, रांगेतले हंडे, रात्रीचा बंद पडलेला दिवा, तुटकी कडी यांतून पुष्कळ सांगता येतं. कडी नसलेलं दार बघितल्यावर वेगळं काही सांगावं लागत नाही.

आठवड्याला प्रत्येकीनं दहा फोटो काढायचे, त्यातले दोन निवडून आणायचे. त्यावर पाच प्रश्न : यात काय दिसतंय? खरं काय घडतंय? आपल्या जगण्याशी याचा काय संबंध? हे असं का आहे? काय करता येईल? बहुतेक गट चौथ्या प्रश्नावरून घाईनं पुढं जातात. तिथंच बसा. ‘संडास घाण आहे’ इथून ‘संध्याकाळनंतर साफसफाई होत नाही’ आणि तिथून ‘किती जणांमागं एक संडास आहे’ इथंवर जायला अर्धा तास लागतो, आणि मागणी तिथंच तयार होते. मुली बोलतील ते रेकॉर्ड करून त्यांच्याच शब्दांत फोटोखाली लिहा. शुद्धलेखन सुधारा, भाषा सुधारू नका.

चार आठवड्यांनी वीस-बावीस फोटो निवडा, ए-४ आकारात छापा, आणि पहिलं प्रदर्शन वस्तीत, आया-मावशांसाठी लावा. आई आधी बघते तेव्हा नंतर बोलणी बसत नाहीत. दुसरं प्रदर्शन विभाग कार्यालयात लावा. महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीच्या सुमारास मांडला जातो, म्हणून तुमची मागणी दिवाळीच्या आसपास टेबलावर हवी. प्रत्येक अधिकाऱ्याच्या हातात एकच कागद द्या : तीन फोटो, तीन मागण्या, खाली तारखेची रिकामी जागा. ती तारीख त्यांच्याकडून तिथंच भरून घ्या.

पुण्यातल्या एका संस्थेचे कार्यकर्ते : देणगीदार विचारतात, ‘कलेनं आरोग्य सुधारतं याचा पुरावा काय?’ आणि पैसे कुठून आणायचे?

पुरावा आहे, पण ज्याचा त्याचा वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागानं २०१९ मध्ये कला आणि आरोग्यावरच्या तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा आढावा घेतला. देणगीदाराला तो दाखवा. मात्र आपल्या कामाला सगळ्यात जवळचा पुरावा झारखंड-ओडिशातला आहे. एकजुट या संस्थेनं २००५ ते २००८ या काळात तिथल्या तीन जिल्ह्यांत बायकांच्या गटांच्या वीस मासिक बैठका घेतल्या. बैठकीत भाषण नव्हतं. गोष्टी, चित्रकार्डं, नाटुकली आणि खेळ होते. बाळ दगावल्याची एक गोष्ट सांगायची आणि प्रत्येक उत्तरावर पुन्हा ‘पण का?’ विचारत जायचं. जिथं गट होते तिथं तीन वर्षांत नवजात बालकांचे मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी आढळले, शेवटच्या दोन वर्षांत ४५ टक्क्यांनी. ‘लॅन्सेट’नं २०१० मध्ये ते छापलं. पुढच्या विश्लेषणात असं दिसलं की सर्वांत वंचित घरांत घट आणखी मोठी होती. आरोग्याचे कार्यक्रम बहुधा आधी सुस्थितीतल्या घरांना लाभतात. इथं उलट झालं. देणगीदाराशी बोलताना हाच मुद्दा पुढं ठेवा.

यातून एक गोष्ट स्पष्ट आहे : एका पथनाट्यानं मृत्यू कमी होत नाहीत. दर महिन्याला, त्याच बायकांबरोबर, दीड-दोन वर्षं बसावं लागतं. एका वर्षात पन्नास गावांत पन्नास प्रयोग, अशी योजना लिहू नका. पाच गावं धरा आणि टिकून राहा.

‘किती प्रेक्षक आले’ हा आकडा मोजायला सोपा, म्हणून सगळे तो मोजतात. त्याऐवजी या नोंदी ठेवा. कोण आलं : गावठाणातून किती, दलित वस्ती, पाडा, पालं यांतून किती? कोण बोललं : त्याच चार जणी की नव्या? आणि कोणता निर्णय बदलला : उपकेंद्राची वेळ, औषधाचा साठा, रुग्णवाहिकेचा नंबर भिंतीवर आला का? महाराष्ट्रात २००७ पासून, सुरुवातीला अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत, आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. त्यात गावानं आरोग्यसेवेला लाल, पिवळा, हिरवा रंग द्यायचा आणि जनसुनवाईत तो तक्ता अधिकाऱ्यांसमोर मांडायचा. लिहिता-वाचता न येणारी बाईसुद्धा ‘आमच्या उपकेंद्राला लाल’ असं बोट ठेवून सांगू शकते. तुमच्या खेळाआधी आणि वर्षानं असा तक्ता भरून घ्या. वर्षानंतर पिवळ्याचा लाल झाला तरी दचकू नका, लोक आता जास्त मागू लागल्याचंही ते लक्षण असतं. कारण मात्र विचारा आणि तक्त्याखाली लिहून ठेवा.

पैशाचं म्हणाल तर गावच्या ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित, म्हणजे गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येणारा, निधी असतो. चित्रकार्डं, सतरंजी, प्रवास एवढं त्यातून निघू शकतं. समितीच्या बैठकीत ठराव करून घ्या. मोठा खर्च कलावंतांच्या मानधनाचा, आणि कात्री नेमकी तिथंच लागते. शाहीर, गोंधळी, वासुदेव, भारूड करणारे हे पुष्कळदा त्याच समाजांतले असतात ज्यांचं आरोग्य आपल्याला सुधारायचं आहे. त्यांना ‘समाजकार्य आहे’ म्हणून फुकट नाचवू नका. अर्जात मानधन, येण्या-जाण्याचं भाडं, जेवण आणि तालमीच्या दिवसांची बुडालेली मजुरी अशा चार ओळी वेगळ्या लिहा, म्हणजे एक कापली तरी दुसऱ्या राहतात. पैसे खेळाच्या संध्याकाळीच द्या. बिल मंजूर होईपर्यंत थांबायची ताकद संस्थेत असते, डफवाल्याच्या घरात नसते.